झिंक सेलेनाइड: तक्ता खरा, पण अपुरा

इन्फ्रारेडसाठीच्या पदार्थांच्या तक्त्यांत झिंक सेलेनाइडची ओळख बहुतेकदा एका ओळीत उरकलेली असते: साधारण ०.६ ते २० मायक्रॉनपर्यंत पारदर्शक. ओळ खोटी नाही. या पिवळसर संयुगाचा बँड गॅप सुमारे २.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. त्यामुळे निळा प्रकाश आत शोषला जातो, तांबडा आणि इन्फ्रारेड मात्र पार होतो. याचा फायदाही मोठा आहे. कार्बन डायऑक्साइड लेझरचा १०.६ मायक्रॉनचा किरण डोळ्यांना दिसत नाही, पण त्याच भिंगातून तांबडा किरण सोडून नेम धरता येतो.

माझा आक्षेप ‘पारदर्शक’ या शब्दावर आहे. तो फार काही झाकून ठेवतो.

पहिली गोष्ट परावर्तनाची. याचा अपवर्तनांक सुमारे २.४. म्हणजे लेप नसेल तर प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण १७ टक्के प्रकाश मागे फिरतो आणि अगदी स्वच्छ खिडकीतूनही जेमतेम ७० टक्के पलीकडे पोचतो. इथे काहीच शोषलं गेलेलं नाही, तरी प्रकाश गेलाच ना!

दुसरी गोष्ट उष्णतेची. त्याच तक्त्यात जर्मेनियमही १०.६ मायक्रॉनला पारदर्शक दिसतं, शिवाय ते बरंच कठीणही आहे. मग नवख्या विद्यार्थ्याने तेच का निवडू नये? कारण जर्मेनियम तापलं की जास्त शोषतं, जास्त शोषलं की आणखी तापतं. १०० अंश सेल्सिअसच्या आसपास ते जवळजवळ अपारदर्शक होतं. जोरदार लेझरसाठी झिंक सेलेनाइड घेतात ते मुख्यतः यासाठी. नेमकं हेच कारण तक्त्यात नसतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात गंभीर. एटीआर स्पेक्ट्रोस्कोपीत नमुना थेट स्फटिकावर ठेवतात. झिंक सेलेनाइड मऊ आहे, ओरखडे पटकन पडतात. पण तीव्र आम्ल पडलं तर नुसता स्फटिक खराब होऊन भागत नाही, हायड्रोजन सेलेनाइड हा अत्यंत विषारी वायू सुटू शकतो. अशा नमुन्यासाठी हिऱ्याचा स्फटिक घ्यावा.

तक्ता फेकून द्या असं मी म्हणत नाही. त्यात तीन रकाने वाढवा: किती परावर्तित होतं, तापल्यावर काय होतं, आणि कशाचा स्पर्श चालत नाही. पहिल्या दोन रकान्यांनी प्रयोग वाचेल, तिसऱ्याने कदाचित प्रयोग करणारा.