लिंकवरचे पुस्तक आणि लेखकाचे नाव

मी बारामतीत मराठी शिकवतो. इंदापूर तालुक्यातून एस.टी.ने येणाऱ्या माझ्या बऱ्याच विद्यार्थ्यांना दलित साहित्य प्रथम भेटते ते मोबाइलवर, कुणीतरी पाठविलेल्या लिंकमधून. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. त्यामुळे या लिंकला एका शब्दात चोरी म्हणणे मला जमत नाही. ज्ञानाची मालकी कुणाची, हा प्रश्न आपल्याकडे कॉपीराइटच्या कायद्याहून फार जुना आहे. परंतु ही लिंक कुणाच्या ताटातले उचलते, हेही पाहिले पाहिजे.

व्यवहार साधा आहे. कोणीतरी पुस्तक स्कॅन करून कंपनीच्या सर्व्हरवर चढवितो. सर्व्हर त्या फाईलला पत्ता देतो. पत्ता ज्याच्या हाती, प्रत त्याच्या हाती. कंपनी स्वतःला मध्यस्थ म्हणविते आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ चा आडोसा घेते. लेखकाने लेखी तक्रार केल्यास ३६ तासांत फाईल बंद व्हावी, असा नियम आहे; मात्र २१ दिवसांत न्यायालयाचा हुकूम आणला नाही, तर ती पुन्हा खुली होऊ शकते. एल्सेव्हिअरसारख्या बड्या प्रकाशकांना हे झेपते. त्यांनी २०२० साली साय-हबविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालय गाठले. पदरमोड करून पाचशे प्रती काढणाऱ्या आपल्या कवीने वकील कोठून आणावा?

सगळेच लेखन एका तागडीत घालता येत नाही. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०१७ पासून सर्वांचे झाले आहे; ते खुशाल वाटावे. मरणोत्तर लेखनाची साठ वर्षे प्रसिद्धीपासून मोजतात, म्हणून १९८७ साली छापलेल्या ‘रिडल्स इन हिंदुइझम’चा हक्क २०४७ अखेरपर्यंत आहे. अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले. त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेले वाङ्मय २०२९ अखेरपर्यंत हक्काखाली राहील. वर्गात शिकविण्यापुरत्या प्रती काढण्याची मुभा दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली मान्य केली, पण साऱ्या जगाला लिंक वाटणे त्यात बसत नाही.

मला पैशाहून दुसरीच गोष्ट अधिक खुपते. एका विद्यार्थ्याने अशाच फाईलवरून एका कवितासंग्रहावर चांगला निबंध लिहिला. स्कॅनमध्ये मुखपृष्ठ नव्हते. कवी कोण, हे त्याला ठाऊकच नव्हते. ज्यांच्या बापजाद्यांचे नाव गावाने कधी धड उच्चारले नाही, त्यांना छापील नाव मिळाले ते मुखपृष्ठावर. तेच पान आपल्याच माणसाने गाळले. लेखक म्हणून नाव सांगण्याचा हक्क कलम ५७ प्रमाणे कॉपीराइट विकल्यावरही लेखकाकडेच राहतो. त्या विद्यार्थ्याला मी आधी कवी शोधायला लावले आहे, गुण नंतर.