आधी पाणी, मग बाप्तिस्मा

ईस्टर जवळ आला की ओझरच्या विमान कारखान्यात शेजारच्या मशीनवरचा ख्रिस्ती सोबती सांगू लागतो : येशूला मारलं, पुरलं, आणि तिसऱ्या दिवशी तो उठला. आपली पोरं हसतात. बावीस प्रतिज्ञांच्या घरात वाढलेली पोरं, मेलेला माणूस उठतो हे मानतील कशी? तरी तो सांगायचं सोडत नाही.

हसणं सोपं आहे, मित्रांनो. पण हा निरोप कोण सांगतं, कुणाला सांगतं, आणि सांगून झाल्यावर जातीचं काय करतं, हे तपासल्याशिवाय हसणं म्हणजे आळस.

आपल्याच जिल्ह्यातलं पुस्तक घ्या. लक्ष्मीबाई टिळक नाशिकजवळच्या जलालपूरच्या. त्यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३७ मध्ये चार भागांत आली. पांढरपेशा समीक्षकांनी या पुस्तकाचं कौतुक काय केलं? तर भाषा साधी, विनोद घरगुती, बाई मोठ्या मनाची. एवढ्यावर गाडी थांबली. पुस्तकातला खरा दारूगोळा कुणी हुंगलाच नाही.

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोला कळलं ते नंतर. काही वर्षं ताटातूट झाली. पुढं बाई नवऱ्याजवळ आली, पण सोवळं घेऊन आली. चूल वेगळी, पाणी वेगळं. नवरा कवी, उपदेशक. पण त्याच्या उपदेशानं बाईचं सोवळं हललं नाही. एक दिवस तिच्या ध्यानात आलं की जात देवानं केलेली नाही, माणसानं केली. मग तिनं कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. बाप्तिस्मा त्यानंतर.

हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी पाणी, मग बाप्तिस्मा. मेलेला उठला की नाही हा सवाल तिच्यापुढं नंतर आला. तिच्यातली बामणी बाई आधी मेली आणि दुसरी बाई उठली. हे पुनरुत्थान आपल्याला तपासता येतं. त्याला चमत्कार लागत नाही.

पण इथंच थांबलो तर आपणही भाबडे ठरू. राहुरीचे, नगरचे महार-मांग ख्रिस्ती या पुस्तकात दिसतात ते बाईंच्या नजरेतून. त्यांनी स्वतः काय सोसलं, येशूचा निरोप ऐकून त्यांच्या पोटात काय कालवलं, हे त्यांच्या तोंडून मराठी वाङ्मयात किती आलं? बामणाचं धर्मांतर साहित्य झालं; आपल्या माणसाचं धर्मांतर मिशनच्या अहवालातला आकडा झालं.

आता मूळ गोष्ट बघा. रोमन लोक क्रुसावर कुणाला चढवायचे? गुलामांना, बंडखोरांना. इ.स.पूर्व ७१ मध्ये स्पार्टाकसच्या बंडातले सहा हजार गुलाम कापुआ ते रोम रस्त्याच्या कडेनं असे टांगले होते. अशा मरणानं मेलेला माणूस उठला, हे पहिल्यांदा सांगितलं कुणी? बायांनी. लूक लिहितो की शिष्यांना त्यांचं बोलणं पोकळ बडबड वाटली. त्या काळी बाईच्या साक्षीला किंमत नव्हती. तरी त्या बोलल्या.

साक्ष खोटी ठरवण्याची ही तऱ्हा आपल्या ओळखीची आहे. गावकुसाबाहेरचा माणूस चौकीत जातो, तेव्हा त्याचंही बोलणं बडबडच ठरतं. म्हणून शंका दोन तऱ्हेच्या आहेत हे ओळखा. एक वरच्यानं खालच्याच्या साक्षीवर घेतलेली. दुसरी खालच्यानं वरच्याच्या पोथीवर घेतलेली. पहिली मोडायची, दुसरी जपायची. बुद्धानं कालामांना दुसरीच शिकवली : परंपरा आहे, ग्रंथात आहे, म्हणून मानू नका. किसा गोतमीचं मेलेलं पोर त्यानं उठवलं नाही. ज्या घरात कुणी मेलं नाही त्या घरची मोहरी आणायला पाठवलं, आणि बाई सत्य शिकून परतली.

बाबासाहेबांची टीका याहून पुढची आहे. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. ख्रिस्ती धर्माचा त्यांनी अभ्यास केला. त्यांचा आक्षेप असा की धर्मांतरित अस्पृश्याला शिकवलं गेलं, तुझं दुःख आदिपापामुळं आहे. समाजानं केलेल्या पापाचं नाव नाही. मग तो लढेल कुणाशी?

या आक्षेपाचा पुरावा दगड-विटांत आहे. तमिळनाडूत त्रिचीच्या मेलपुदूर कब्रस्तानात दलितांच्या कबरी वेगळ्या काढणारी भिंत उभी राहिली. शेवटच्या दिवशी सगळे मेलेले उठतील म्हणतात. ते भिंतीच्या दोन बाजूंनी उठणार काय? सरकारची तऱ्हा उलटी. १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश दलित ख्रिस्त्याला अनुसूचित जातीत धरत नाही. बौद्धांना १९९० मध्ये घेतलं, ख्रिस्ती बाहेरच राहिले. म्हणजे कागदावर त्याची जात मेली आणि कब्रस्तानात उठली. पुनरुत्थान झालं ते जातीचं!

तेव्हा कारखान्यातल्या सोबत्याला हसून गप्प करू नका. त्याचं ऐका. तो शंका सोसून सांगतो, ही हिंमत आपल्याही कामाची आहे. 'जात मरणार' असं आपण वस्तीवस्तीत सांगतो, तेव्हा लोक आपल्यालाही हसतातच. मग त्याला विचारा : तुझा येशू उठला असेल तर भिंत कशी उभी राहिली? अन् हाच सवाल आपल्या विहारातल्या पोटजातींनाही विचारा.

तो भिंत पाडायला निघाला तर त्याच्यासोबत पहार घेऊन जा. येशू उठला की नाही यावर वाटेत भांडता येईल.