तुंबाडचा पाऊस आणि हस्तरची भूक

'तुंबाड' हा लोभावरचा सिनेमा आहे, हे वाक्य आता इतक्यांदा ऐकून झालंय की त्याचा कंटाळा आलाय. १२ ऑक्टोबर २०१८ला तो पहिल्यांदा आला तेव्हा हेच म्हटलं गेलं. १३ सप्टेंबर २०२४ला पुन्हा थिएटरात लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त गर्दी झाली, तेव्हाही रील्सवर हेच. यात प्रेक्षकांचा दोष नाही. सिनेमाच सुरू होतो तो गांधीजींच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या लोभाबद्दलच्या एका वचनाने. प्रश्नपत्रिकेवर प्रश्नाच्या आधी उत्तर छापून द्यावं तसं.

माझं मत असं की हा भुकेवरचा सिनेमा आहे. लोभाचा धडा द्यायची आठवण झाली की तो पडतो, आणि भुकेजवळ राहिला की अंगावर येतो. (पुढे कथा उघड होणार आहे. बघितला नसेल तर आधी बघा, आणि शक्यतो फोनवर नको. अर्धा सिनेमा अंधारात आहे, स्क्रीनवर स्वतःचंच तोंड दिसत राहतं.)

आधी हे रसायन कुठून आलं ते बघू. नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' या १९८७च्या दोन खंडी कादंबरीवरून घेतलंय. भीती नारायण धारपांची. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनीच सांगितलंय की १९९३मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने त्यांना धारपांची एक गोष्ट सांगितली आणि ती डोक्यातून गेलीच नाही. धारपांची 'आजी' ही कथा पुन्हा स्टीफन किंगच्या 'ग्रॅमा'वर बेतलेली. भावाला लागलंय, आई त्याला घेऊन दवाखान्यात गेलीय, आणि घरात एकटा पोरगा व अंथरुणाला खिळलेली भयानक आजी. सिनेमाचा पहिला भाग जवळजवळ या सांगाड्यावर उभा आहे. म्हणजे अमेरिकेतल्या मेन राज्यातली म्हातारी धारपांमार्फत मराठी घरात आली, नागझिऱ्यात शेकोटीला बसली आणि शेवटी साखळदंड घालून पडद्यावर पोचली. याला चोरी म्हणणारे आहेत. मला हा प्रवास आवडतो. आजीची गोष्ट अशीच फिरते, प्रत्येक घरात तिला नवं लुगडं मिळतं.

पेंडशांच्या बाबतीत मात्र तक्रार आहे. कादंबरीवरून नाव घ्यायचं आणि कादंबरीत ज्यांच्यामुळे जीव आहे ती माणसं सोडून द्यायची, हा सौदा महागात पडलाय. पेंडशांचं तुंबाड जगबुडीच्या काठचं गाव आहे. तिथे खोतांच्या पिढ्या आहेत, पण गावही आहे. सिनेमाच्या तुंबाडात गावच नाही. वाडा आहे, पाऊस आहे, सरकार आहेत, त्यांनी ठेवलेली बाई आणि तिची दोन पोरं आहेत. या वाड्याची शेतं कोण कसत होतं? सरकारांच्या घरात धान्य कुठून येत होतं?

हा प्रश्न उगाच काढलेला नाही. सिनेमा तीन सालांत विभागलाय: १९१८, १९३३, १९४७. तिन्ही साली महाराष्ट्रात भुकेचा आणि जमिनीचा मोठा इतिहास घडत होता. १९१८ला पाऊस दगा देऊन गेला आणि त्याच वर्षी इन्फ्लुएंझाने माणसं पटापट गेली. १९३३च्या ऑक्टोबरात अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी संप सुरू केला. खोतांची जमीन कसायचीच नाही असं ठरवून ती माणसं वर्षानुवर्षं उपाशी राहिली. १९३७मध्ये डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबई विधानसभेत मांडलं. आणि याच काळात आपला विनायकराव पुण्याहून गुपचूप येतो, विहिरीसारख्या त्या गर्भात उतरतो आणि मुद्रा घेऊन जातो. त्याच्या वाटेत एकही कूळ येत नाही. सगळं कोकण रिकामं करून मग तिथे एका माणसाचा लोभ दाखवलाय. लोभ सिद्ध करायला हे सोयीचं आहे, कारण मग तुलनेला कुणी उरत नाही.

१९४७बद्दल एक अवांतर. मी जळकोटचा. सोलापूर-हैदराबाद हायवेवर, नळदुर्गच्या पुढे, तुळजापूर तालुक्यातलं जळकोट. लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं जळकोट वेगळं, पार्सल नेहमी तिकडे जातं. सिनेमात स्वातंत्र्य येतं आणि वाडा सरकारजमा व्हायची वेळ येते, पण आमच्याकडे १९४७ त्या वर्षी आलंच नाही. आम्ही निजामाच्या राज्यात होतो, आमचा दिवस १७ सप्टेंबर १९४८. ज्याला जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणत त्याच्या नावाने आमचा जिल्हा ओळखला जायचा. त्यामुळे खजिना आणि वाडा म्हटलं की आमच्या आज्यांच्या गोष्टींना कल्पनाशक्ती फार लागत नाही. पडक्या गढीखाली हंडा आहे, हे आमच्याकडे गावोगाव माहीत असतं.

आता पाऊस. पंकज कुमार यांच्या कॅमेऱ्यातला तो पाऊस थोर आहे, छायाचित्रणाचं फिल्मफेअर त्यांना मिळालं ते योग्यच. गोष्टीत हा पाऊस म्हणजे देवांचा शाप. हस्तरला पुजणाऱ्या गावावर तो अखंड कोसळतो. पुण्याच्या थिएटरात माझ्या शेजारचे लोक त्या पावसाला दचकत होते आणि मी हिशोब करत होतो की एवढ्यात बोरी धरण किती वेळा भरेल. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं तेव्हा आम्ही शाळा-कॉलेजातली पोरं होतो. आमच्या मागच्या पिढ्यांनी १९७२चा दुष्काळ, सुकडी आणि परदेशातली लाल मिलो ज्वारी पाहिली. अशा ठिकाणाहून बघितलं की सिनेमातला शाप उलटा दिसतो. पाऊस भरपूर, सोनं भरपूर, फक्त अन्न नाही.

आणि तीच तर हस्तरची कथा आहे! समृद्धीच्या देवीचा पहिला मुलगा. त्याला सोनं मिळालं, पण धान्याकडे हात नेला तेव्हा बाकीचे देव तुटून पडले. आईने वाचवला तो विस्मृतीच्या अटीवर, पोटात परत घेऊन. कुणी म्हणेल, त्याने दोन्ही मागितलं, हाच लोभ. पण ज्याच्या वाट्याला फक्त सोनं आलं त्याने जेवायला मागितलं तर त्याला हावरट कोण म्हणेल? ज्याचं कोठार भरलेलं आहे तोच. सिनेमाने ही बाजू एका वाक्यानेही तपासलेली नाही, पण त्याच्या दृश्यांना ती माहीत आहे. कणकेच्या रिंगणाच्या आत हस्तर येऊ शकत नाही आणि कणकेच्याच बाहुलीवर झडप घालतो. कुंपणही अन्नाचं, आमिषही अन्नाचं. एवढं नेमकं दृश्य मी हिंदी सिनेमात फार कमी पाहिलंय. (भाताच्या मुलखात बाहुली गव्हाच्या कणकेची का, हा प्रश्न माझ्यातल्या ज्वारीवाल्याला पडला, पण सोडून देऊ.)

आजीचंही तेच. साखळीने बांधलेली, मरणच न येणारी ती म्हातारी. तिला रोज भरवायचं, आणि हस्तरच्या नावाची भीती घालून झोपवायचं. विनायकाची आई ते कंटाळून, रोजच्या भांड्याधुण्यासारखं करते. पुढे मोठ्या विनायकाच्या मुलाची, पांडुरंगाची, भूमिका केलेल्या मोहम्मद समदनेच ही आजी साकारलीय. त्या घरात खरी भीती आजीची नाही, तिचं ताट चुकण्याची आहे.

दुसरा भाग मला सर्वांत जास्त पटतो, कारण तिथे उपदेश नाही, काम आहे. विनायक एका खेपेला चार मुद्रा काढतो. दोर, कंदील, बाहुली, वेळेचं गणित. मग पोराला शिकवतो. बाप मुलाला धंदा शिकवतोय, एवढंच. नोकरीसाठी जळकोट, उमरगा, लोहारा सोडून पुण्यात आलेल्या कुणालाही त्या खेपा ओळखीच्या वाटतील. मग पांडुरंगाला कल्पना सुचते: मुद्रा कशाला, लंगोटच पळवू, बाहुल्या जास्त नेऊ. जितक्या बाहुल्या तितके हस्तर! सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्याला इथे हसू येईल. एका युजरवर चाललेली गोष्ट एकदम शंभरांवर सोडली की काय होतं ते आम्ही शुक्रवारी संध्याकाळी बघतो. पण थरार जितका चांगला तितकाच निष्कर्ष सपाट. शापित बाप लंगोट पुढे करतो, मुलगा नाकारतो, धडा पूर्ण. १९१८पासून पोट जाळत आलेली गोष्ट एका शहाण्या पोराच्या नकाराने मिटवून टाकली.

महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत एक कलम आहे. मौल्यवान वस्तू, गुप्तधन आणि जलस्रोत यांच्या शोधासाठी केलेली अघोरी कृत्यं त्यात एकत्र गुन्हा ठरवलीत. सोनं आणि पाणी एकाच ओळीत. कायदा लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं की माणूस खड्डा खणतो तो कशासाठी. 'तुंबाड'ला यातलं अर्धंच ठाऊक आहे.

आमच्याकडे मार्गशीर्ष अमावस्येला येळवस असते. शेतात कडब्याची कोप करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, भज्जी, उंडे, आंबील यांचा नैवेद्य दाखवायचा, आणि मग आंबील रानभर शिंपडत जायचं. काळ्या आईचं पोट भरायला. बदल्यात त्या क्षणी काही काढून घ्यायचं नसतं. 'तुंबाड'मध्ये पृथ्वीच्या पोटात उतरणारा प्रत्येक जण कणीक घेऊन जातो, पण कुणीही एकदासुद्धा ती हस्तरला नुसती खायला घालून वर येत नाही.