पक्ष बदलतात, युक्तिवाद तोच

राष्ट्राध्यक्षांच्या युद्धाधिकारावर संशोधन करायचंय? मग अमेरिकी न्याय खात्याचं २०१८ चं सीरियावरील हल्ल्यांबाबतचं कायदेशीर मत वाचाच. काँग्रेसची मंजुरी न घेता ट्रम्प यांनी केलेले हल्ले ते दोन कसोट्यांवर वैध ठरवतं: राष्ट्रहित आहे का, आणि कारवाई ‘युद्ध’ म्हणण्याइतकी मोठी आहे का? गंमत म्हणजे, २०११ मध्ये ओबामांच्या लिबियातल्या कारवाईला याच कसोट्यांनी तारलं होतं. तेव्हा अनेक रिपब्लिकन चिडले होते, २०१८ मध्ये डेमोक्रॅट.

या मताची खोट इथेच आहे. मुख्य आधार राष्ट्राध्यक्षांच्याच जुन्या कारवायांचा, आणि तपासणारं खातंही त्यांचंच! युद्ध पुकारण्याचा अधिकार राज्यघटनेने काँग्रेसला दिलाय, तो असा झिजतो. म्हणून नुसती भाषणं मोजत बसू नका. कुठला दाखला पुढच्या सरकारने उचलला, ते शोधा.