नकार देण्याची रीत : बर्टन क्लार्क यांचा एक निबंध

प्रवेश सगळ्यांना द्यायचा, पण पुढच्या पदवीपर्यंत सगळ्यांना नेता येणार नाही हेही ठाऊक असायचं. ही कसरत कॉलेजं कशी साधतात? अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी १९६० साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ सोशिऑलॉजी’त ‘द कूलिंग-आउट फंक्शन इन हायर एज्युकेशन’ हा निबंध लिहिला, तो या प्रश्नावर. जेमतेम आठ पानांचा. उच्चशिक्षणाच्या अभ्यासात याहून चिरेबंद लिखाण माझ्या वाचनात नाही.

क्लार्क यांनी निरखलं ते कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेचं ज्युनियर कॉलेज. (आपली अकरावी-बारावी इथे डोळ्यांपुढे आणू नये, शाळा संपल्यावरची ही दोन वर्षं.) दार सताड उघडं. येणारी बहुतेक मुलं इथून पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात जायचं म्हणून नाव घालतात आणि त्यातली अनेक तिथवर पोचत नाहीत. कडक विद्यापीठ अशा मुलाला नापास करून सरळ घरी पाठवतं. उघड्या दाराच्या कॉलेजाला तसं करून चालत नाही.

मग ते काय करतं, हे सांगताना क्लार्क यांची लेखणी खरी खुलते. प्रवेशाआधी एक चाचणी. तिथे गुण कमी पडले की पहिली शंका पेरली जाते. मग समुपदेशकाची भेट. मग कॉलेजची ओळख करून देणारा सक्तीचा छोटा कोर्स, ज्यात मुलानं स्वतःची कुवत आणि आपण निवडलेला व्यवसाय यांचा मेळ स्वतःच तपासायचा. मग ‘सुधारणा हवी’ अशी चिठ्ठी, आणि शेवटी प्रोबेशन. दरम्यान त्या मुलाची फाइल जाड होत जाते. समुपदेशक ‘तुला जमणार नाही’ असं कधीच म्हणत नाही. ते काम फाइलमधले कागद करतात. तो फक्त धीर देतो आणि दुसरी वाट दाखवतो : इंजिनिअर नाही, तर इंजिनिअरचा सहायक. हे सारं टप्प्याटप्प्यानं, आवाज न चढवता. या पायऱ्या वाचताना अंगावर काटा येतो, कारण एकही माणूस इथे दुष्ट नाही.

शीर्षकातली ‘कूलिंग-आउट’ची कल्पना क्लार्क यांनी समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांच्या १९५२च्या लेखातून घेतली. भामट्यांच्या टोळीनं एखाद्याला लुबाडलं की त्यानं बोभाटा करू नये म्हणून टोळीतला एकजण मागे थांबून त्याची समजूत घालतो, हेच ते ‘कूलिंग-आउट’. हा दाखला कॉलेजच्या समुपदेशकाला लावायला धाडस लागतं, आणि तो लावूनही क्लार्क कुणावर आरोप करत नाहीत. ही यंत्रणा झाकलेली राहिली तरच चालते, एवढं ते नोंदवतात आणि थांबतात. हा संयम मला निबंधाचं सर्वांत मोठं बळ वाटतो. उणीवही तिथेच आहे : ज्याची समजूत घातली जाते त्या मुलाचा आवाज या पानांत जवळजवळ ऐकू येत नाही.

त्या मुलांकडे टीकाकारांनी लक्ष वळवलं. जेरोम काराबेल यांनी १९७२ मध्ये विचारलं की वळवली जाणारी मुलं कुठल्या घरांतली असतात. उत्तर अर्थातच कष्टकऱ्यांच्या घरांकडे बोट दाखवत होतं. क्लार्क यांचीच कल्पना उचलून तिचा आरोपपत्रासारखा वापर झाला.

संस्थेच्या आत उभं राहून पाहण्याची सवय क्लार्क यांनी पुढेही सोडली नाही. अँटिऑक, रीड आणि स्वार्थमोर ही कॉलेजं स्वतःविषयी कोणती गाथा सांगत मोठी झाली, हे १९७०च्या पुस्तकात आलं. १९८३ मध्ये त्यांनी शासन, बाजार आणि प्राध्यापकवर्गाची सत्ता असा त्रिकोण मांडला. देशोदेशींच्या उच्चशिक्षणाची तुलना करणारे आजही त्याचा आधार घेतात. १९९८च्या पुस्तकात वॉरिक, ट्वेंटे यांच्यासह युरोपातली पाच विद्यापीठं आली. त्रिकोण जास्त गाजला. माझं मन मात्र त्या आठ पानांतच गुंततं.

१९८० साली ते स्वतः या विषयाकडे परतले. प्रवेशालाच चाळणी लावावी, उघडपणे नापास करावं, की सरसकट पदवी द्यावी, असे पर्याय त्यांनी एकेक करून तोलले आणि जुनी रीतच त्यातल्या त्यात बरी असा कौल दिला. मला तो पटत नाही. फाइलमध्ये काय लिहिलं जातंय आणि ते कुठे नेणार आहे, हे मुलाला पहिल्याच भेटीत सांगण्याचा मार्ग त्यांनी पुरेसा गंभीरपणे घेतला नाही, असं माझं मत आहे. प्रवेश समितीवर किंवा समुपदेशन कक्षात काम करणाऱ्या प्रत्येकानं हे दोन्ही निबंध लागोपाठ वाचावेत, आधी १९६०चा.