'इंडिया थ्रू द स्टिरिओस्कोप' आणि संग्राहकाची दृष्टी

जुन्या वस्तूंच्या बाजारात स्टिरिओस्कोप, म्हणजेच त्रिमितीदर्शक, आज शोभेची वस्तू म्हणून विकला जातो. लाकडी मूठ, कोरीव झाकण, कपाळाला टेकणारी मखमली कडा यांचे संग्राहकाला वाटणारे आकर्षण समजण्यासारखे आहे. परंतु या आकर्षणात मूळ वस्तूचे प्रयोजनच दुर्लक्षित राहते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्यासाठी जेम्स रिकाल्टन यांचा, अंडरवूड अँड अंडरवूड या अमेरिकन कंपनीने १९०७ साली प्रसिद्ध केलेला 'इंडिया थ्रू द स्टिरिओस्कोप' हा ग्रंथ विचारात घ्यावा लागतो.

दोन डोळ्यांमधील सुमारे साडेसहा सेंटिमीटर अंतरामुळे प्रत्येक डोळ्याला किंचित निराळे दृश्य दिसते व त्यांच्या मिलाफातून खोलीचा बोध होतो. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये आरशांच्या साहाय्याने हे सिद्ध केले. पुढे डेव्हिड ब्रूस्टर यांनी भिंगे योजली आणि ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८६१ च्या सुमारास हातात धरण्याजोगे स्वस्त यंत्र तयार केले. होम्स यांनी त्याचे पेटंट घेतले नाही. त्यामुळे ते असंख्य घरांत पोहोचले. आज 'दुर्मीळ' म्हणून मिरवणारी वस्तू मुळात अगदी सामान्य होती, हे येथे नमूद केले पाहिजे.

रिकाल्टन हे न्यू जर्सीतील शाळाशिक्षक. दिव्याच्या तंतूसाठी योग्य बांबू शोधण्यास एडिसन यांनी त्यांना १८८८ मध्ये पूर्वेकडे पाठविले होते. त्यांच्या ग्रंथात शंभर दृश्ये आहेत व प्रवास मुंबईपासून सुरू होतो. सोबतच्या नकाशांवर प्रत्येक दृश्य कोठून व कोणत्या दिशेने पाहिले, हे लाल रेषांनी दाखविले आहे. चित्र, नकाशा आणि मजकूर मिळून ही एक रचना होते. वाचकाला त्या जागी उभे केले जाते. यंत्राच्या झाकणामुळे भोवतालची खोली नाहीशी होते. तो पाहतो, पण त्याला कोणी पाहत नाही.

येथेच या माध्यमाचा दोष दिसतो. खोलीचा भास ठसण्यासाठी जवळ काहीतरी असावे लागते आणि अशा चित्रांत ते काम पुष्कळदा रस्त्यावरच्या माणसाकडे येते. हमाल, गाडीवान, भिक्षेकरी हे अंतर मोजण्याचे माप बनतात. त्यांना नाव नसते.

संग्राहक हा दोष दूर करीत नाही, वाढवितो. संच फुटतो, नकाशे गहाळ होतात, एकेका कार्डाची किंमत त्याच्या कोपऱ्यांवरून ठरते. कोल्हापुरातील एका घरी काचेच्या कपाटात असे यंत्र पाहण्यात आले. त्यावर पॉलिश ताजे होते, कार्डे मात्र दुसऱ्या खोलीत दोरीने बांधून ठेवलेली. यजमानांनी त्यातून कधी पाहिले नव्हते!

याउलट, कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास सुरू केलेल्या 'शांबरिक खरोलिका' या दीपचित्रांच्या खेळात प्रेक्षक एकत्र बसून पाहत. तेथे चित्रे काचेवर हाताने रंगविलेली व कथा ओळखीची असे. खोलीचा भास नव्हता, पण पाहणारा आणि दाखविणारा एकाच समाजातले होते. आपल्याकडील दृश्यमाध्यमांच्या इतिहासात या खेळाचा उल्लेख चित्रपटाची पूर्वतयारी म्हणून होतो. स्टिरिओस्कोपशी त्याची तुलना मात्र क्वचितच केली जाते.