शाळेचे नाव कोणाच्या मालकीचे? दोन निकालांची चिकित्सा

समजा तुम्ही नोएडात गरीब मुलांना संगणक शिकवणारी धर्मादाय संस्था काढली आणि नाव ठेवले ‘मोफत संगणक शिक्षण केंद्र’. या नावाचे व्यापारचिन्ह मिळेल का? नोएडा, गुरुग्राम आणि दिल्ली या तिन्ही ठिकाणचे अर्ज दिल्लीच्या द्वारका येथील कार्यालयाकडे जातात. शिक्षणासाठी वर्ग 41, तर संगणक-तंत्रज्ञान सेवांसाठी वर्ग 42 निवडावा लागतो.

1958 च्या कायद्यात चिन्हाची नोंदणी फक्त मालासाठी होती. 1999 चा कायदा 15 सप्टेंबर 2003 रोजी लागू झाला आणि सेवाही नोंदणीच्या कक्षेत आल्या. ‘सेवा’ या शब्दाच्या व्याख्येत शिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. मात्र कलम 9 नुसार केवळ सेवेचे वर्णन करणारे नाव नाकारले जाते. अर्जाच्या तारखेपूर्वी वापरामुळे त्या नावाला स्वतंत्र ओळख मिळाली असेल, तर हा अडसर दूर होतो.

आता दिल्ली उच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून पाहा. 2016 मध्ये दिल्ली पब्लिक स्कूल सोसायटीला ‘डीपीएस वर्ल्ड फाउंडेशन’विरुद्ध मनाई हुकूम मिळाला. तीन साध्या शब्दांची आद्याक्षरे, पण मागे 1949 पासूनचा लौकिक होता. डिसेंबर 2023 मध्ये ‘इन्स्टिट्यूट ऑफ डायरेक्टर्स’ या संस्थेने ‘डायरेक्टर्स इन्स्टिट्यूट’ या नावाविरुद्ध अंतरिम मनाई मागितली. ती नाकारली गेली. संचालकांसाठीची संस्था, एवढेच ते नाव सांगते, म्हणून त्यावर एकाची मक्तेदारी नको, असा निकालाचा रोख होता.

दुसरा निकाल मला अधिक पटतो. सामान्य शब्द सर्वांचे राहिले पाहिजेत. पण पहिलाही निराधार नाही: सारख्या नावाला भुलून पालकाने चुकीच्या शाळेत फी भरली, तर नुकसान पालकाचेच होते. माझा आक्षेप मोजमापावर आहे. नावाची ओळख सिद्ध करताना उलाढाल, जाहिरातखर्च आणि प्रसिद्धी यांचे पुरावे जमवावे लागतात. वस्तीत दहा वर्षे मोफत वर्ग चालवणाऱ्या संस्थेकडे यातले काय असणार? तिच्याकडे हजेरीपट आणि पालकांचा विश्वास असतो. विश्वासाला पावती नसते.

शुल्कातही हीच विषमता दिसते. 2017 च्या नियमांनुसार व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांना ऑनलाइन अर्जासाठी प्रत्येक वर्गामागे 4,500 रुपये, इतरांना 9,000. सवलतीच्या यादीत विना-नफा संस्थेचा वेगळा उल्लेख नाही. म्हणजे नफ्यासाठी उतरलेला स्टार्टअप सवलतीत बसतो आणि दोन वर्ग मागणाऱ्या धर्मादाय न्यासावर 18,000 रुपयांचा बोजा पडू शकतो.

तेव्हा नाव ठेवतानाच सावध राहा. कामाचे वर्णन करणारे नाव लोकांना लगेच कळते, पण कायद्यात दुबळे ठरते. वेगळे नाव रुजायला वेळ लागतो, पण टिकते.

विचार करा: तुमच्या महाविद्यालयाच्या नावातले सामान्य शब्द वगळले, तर फक्त त्याचे असे काय उरते?